डावा कौल

ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून आधी म्हादू आला, त्याच्या मागून त्याची बायको देवकी आणि सगळ्यांत शेवटी काठी टेकत त्याची आई बायजा. म्हादूच्या हातात नारळ होता. देवकीच्या काखेत फडक्यात गुंडाळलेलं नवं लुगडं होतं. व्हाळाच्या पलीकडच्या थोरल्या घरातून अलीकडं म्हादूच्या धाकट्या भावाच्या, कृष्णाच्या घरी यायला शंभर पावलंही लागत नसत. पण कृष्णा आणि त्याची बायको गिरजा बेळगावला जाऊन ख्रिस्ती होऊन आली त्याला चार वर्षं होत आली होती, आणि या चार वर्षांत थोरल्या घरची तिघंही मिळून इकडं आली ती ही दुसरीच वेळ. पहिली वेळ नऊ आठवड्यांपूर्वीची, त्यांच्या थोरल्या लेकीला, फुलाला, मातीत ठेवलं त्या दिवशीची.

अर्ध्या खळ्यात भाताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. उरलेल्या अर्ध्यात चटई टाकून गोपाळ मास्तर बसले होते. मिशननं त्यांना शाळेतून काढून पाळक केलं त्याला सहा वर्षं झाली, तरी कुंभारवाडा गावात ते मास्तरच राहिले होते. लोंढ्याहून दोन दिवस चालून ते काल संध्याकाळी पोचले होते. कृष्णाच्या दहा महिन्यांच्या धाकट्या लेकीचा, कमलचा बाप्तिस्मा आज व्हायचा होता.

"मास्तर, घोडा कुठं बांधलासा?" देवकीनं विचारलं. ती दर खेपेला हेच विचारी.

"घोडा अजून घोडीच्या पोटात आहे, वैनी."

"मग पायांस्नीच चंदी घाला जरा. सुजल्यात की."

म्हादू हसला नाही. नारळ कुठं ठेवावा हे त्याला कळेना; या घरात देव्हारा नव्हता. शेवटी तो नारळ मांडीवर घेऊनच पडवीच्या कडेला टेकला. शुक्रवारी गिरजानं देवकीजवळ निरोप धाडला होता, की बाप्तिस्मा नको, मी कमलला घेऊन थोरल्या घरी येते, मला जातीत परत घ्या. त्यानंतर म्हादू शनिवारभर जातीतल्या मानकऱ्यांची पाच घरं फिरला होता. दोन घरांनी लगेच मान डोलावली, दोघांनी जेवणानंतर. पाचव्यानं विचारलं, नवरा न्हाई आनि नुसती बाई कशी घ्यायची? त्यालाही म्हादूनं पटवलं होतं. उद्या गावदेवापुढं नारळ, मग जेवण, की झालं. भावाचं घर निम्मं तरी परत येत होतं. आपल्याला याचा आनंद व्हायला हवा होता, हे त्याला साकवावर चढताना जाणवलं, आणि तो होत नाही हेही.

"कृष्णा, आमी कशाला आलोय ठावं हाय न्हवं?"

कृष्णा पितळी घंगाळात कळशीनं पाणी ओतत होता. "कळलं काल."

"मग पानी कशाला वततोस?"

"मास्तर दोन दीस चालल्यात. पाय तरी धुतील."

"पाय धुवून झाले," मास्तर म्हणाले. "ते कमलसाठीचंच पाणी आहे, म्हादबा. वापरायचं का नाही ते गिरजाबाई ठरवतील. पाणी कुठं पळून जात नाही."

कृष्णानं कळशी खाली ठेवली. तो करवत्या होता. सागाचा ओंडका समोर आला की कुठून उकलेल ते त्याला बघूनच कळायचं. बायकोचं तसं नव्हतं. फुला गेल्यापासून ती एकदाही प्रार्थनेला बसली नव्हती. भात शिजवत होती, पेंढ्या वाहत होती, विचारलं तर उत्तर देत होती. संध्याकाळी तो एकटाच गुडघे टेकायचा, आणि ती त्याच्या पाठीमागं सुपात तांदूळ निवडत बसायची. रडली असती, भांडली असती, तर त्याला काही करता आलं असतं. काल तिनं सांगितलं, मी पलीकडं जाते, तुमी तुमच्या देवाजवळ ऱ्हावा. आणि त्यावर त्याला एवढंच सुचलं होतं, की घंगाळ घासून ठेवावं.

बायजा अजून खळ्यातच उभी होती. "माझी सून कुठं हाय? का भिंतीसंगं बोलून जाऊ?"

गिरजा कमलला कडेवर घेऊन दारात आली.

---

सगळे आपल्याकडं बघतायत हे गिरजाला कळलं, आणि तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला. तिला वाटलं होतं हे लवकर संपेल. भावजी दोन शब्द बोलतील, मास्तर एखादी प्रार्थना म्हणतील, आणि ती निघेल. कमलचे कपडे तिनं सकाळीच गाठोड्यात बांधले होते.

"गिरजाबाई, जायचं तर जा," मास्तर म्हणाले. "तुम्हाला कुणी धरून ठेवणार नाही. फक्त का जाताय ते सांगाल? माझ्याकडून काही उणं पडलं असेल तर मला कळायला हवं."

"तुमचं काय उणं न्हाई."

"कृष्णाचं?"

"न्हाई."

"मग कुणाचं?"

कमल गिरजाच्या गळ्यातली पोत तोंडात घालत होती, ती तिनं दोनदा काढून घेतली.

देवकी म्हणाली, "मास्तर, त्यात इचारायचं काय? पोर गेली. देवानं राखली न्हाई. ज्यो राखत न्हाई त्याच्या दारात कशाला बसायचं?"

"वैनी, गावात सोळा माणसं गेली मानमोडीच्या तापानं. पलीकडच्या काठावरची चौदा."

"ते बी खरं," देवकीनं कबूल केलं. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही, आणि म्हादूनं तिच्याकडं असं बघितलं की ती लुगड्याची गाठ पुन्हा बांधायला लागली.

"नुसतं राखलं न्हाई म्हनून न्हवं," गिरजा एकदम बोलली. "राखलं न्हाई तर सोसलं असतं मी. त्यानं मला सांगितलं. न्हाई म्हनून तोंडावर सांगितलं."

"कुणी?"

"देवानं. तुमच्या. आमच्या."

"कसं सांगितलं?"

मग तिनं ते सांगितलं. नऊ आठवडे जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगायला तिला फारसा वेळ लागला नाही. तापाचा तिसरा दिवस होता. कृष्णा औषध आणायला सुप्याला गेला होता. फुला कुणाला ओळखत नव्हती, आणि कमल पाळण्यात रडत होती. दुपारी गिरजानं कुंपणातल्या तेरड्याच्या दोन पाकळ्या तोडल्या, पाण्यात बुडवल्या आणि भिंतीवरच्या क्रुसाच्या दोन हातांवर चिकटवल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. पोर वाचणार असली तर उजवी पाड, न्हाई तर डावी.

कौल लावणं काय असतं हे तिथं कुणाला सांगावं लागत नव्हतं. गावदेवाच्या अंगावर अशाच ओल्या पाकळ्या लावून पेरणी कधी करायची, पोरगी कुठं द्यायची, हरवलेली म्हैस कुठल्या रानात शोधायची हे विचारलं जायचं. आणि त्या लावायचा मान थोरल्या घराचा होता. बापामागं सात वर्षं म्हादूच त्या लावत होता. पण ख्रिस्ती झालेल्या सुनेनं ख्रिस्ती देवाला कौल लावला, हे कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

"शंभर मोजायच्या आत डावी पडली," गिरजा म्हणाली. "उजवी दुसऱ्या दिवसापर्यंत हुती तिथंच. मीच काढली मग. दोन दिसांनी फुला गेली."

"मला का न्हाई सांगितलंस?" कृष्णाचा आवाज फार बारीक आला.

"काय सांगू? तुमी शिकवल्यालं मोडून मी कौल लावला, असं? का देवानं मला हाकललं, असं? कधी वाटतंय मी कौल लावला म्हनून त्यो रागावला आनि पोर नेली. कधी वाटतंय नेणारच हुता, आनि मला आधी सांगून मोकळा झाला. दोन्हींतलं कुठलं बी खरं असू दे, त्याला मी नको हाय. मग मी त्याच्या घरात ऱ्हाऊन काय करू?"

---

कृष्णा उठून आत गेला. खिळा उपटल्याचा आवाज आला, आणि तो क्रूस घेऊन बाहेर आला. वीतभर उंचीचा, शिवणीच्या लाकडाचा, बेळगावहून आल्यावर त्यानं स्वतःच केलेला. तो त्यानं उजेडात धरला. एक हात मधाच्या रंगाचा होता. दुसरा टोकाशी काळपट झाला होता.

"ह्या डाव्या अंगाला चूल हाय," तो म्हणाला. "तीन दीस चूल इझली नव्हती, काढे, गरम पानी. ओल्या फळीला एका अंगानं धग लागली तर ती त्याच अंगानं आधी सुकती. पाकळीचं निराळं काय असतंय? सुकली की सुटली."

त्यानं ते मोठ्या आशेनं सांगितलं, आणि ते खरंच होतं. म्हादूनंही मान पुढं काढून तो काळा डाग बघितला. गावदेवाच्या उजव्या खांद्यालगत समई असते, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. ते आता आलं, आणि त्यानं मान मागं घेतली.

"मला तुमच्या फळ्या सांगू नका," गिरजा म्हणाली. "चूल काय देवाच्या भाईर हाय? त्याला पाडायची नसती तर धग लागून बी पडली नसती."

कृष्णानं काळ्या टोकावरून अंगठा फिरवला.

"उजवी कुणाची धरलीस?" बायजानं विचारलं. ती कधी पडवीच्या पायरीवर येऊन बसली ते कुणाला कळलं नव्हतं. "तुझी का देवाची? मूर्तीला तोंड असतं. ह्या लाकडाला कुठाय?"

"देवाची, आत्ती. देव माझ्याकडं बघतोय असं धरलं."

गोपाळ मास्तरांनी मान वर केली. म्हातारीचं अजून संपलं नव्हतं.

बायजानं काठी आडवी ठेवली. ती म्हादूकडं बघत नव्हती, तरी म्हादूला कळलं ती आता काय बोलणार, आणि तो म्हणाला, "आये, ऱ्हाऊ दे."

"का ऱ्हाऊ दे? सुनेचं उघडं पडलं, माझं झाकून ठेवू? आइक गिरजे. तू जवा त्या लाकडाला पाकळ्या लावत हुतीस, त्याच दिशी ह्या म्हादूला घेऊन मी देवळात गेले. फुलासाठी कौल लावला. ती काय नुसती तुझी हुती?"

गिरजानं पहिल्यांदा पदर मागं सारून तिच्याकडं बघितलं. "काय दिला?"

"उजवा."

"उजवा?"

"चोख उजवा. ह्यानं मला हात धरून घरी आनलं आनि म्हनला, आये, पोर वाचती, जेव आता. मी जेवले बी. दोन दिसांनी ह्या साकवावरून येताना मला वाट दिसत नव्हती."

देवकीच्या हातातलं गाठोडं खाली आलं. तिला हे माहीत नव्हतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, आणि म्हादू नारळाची शेंडी सोलायला लागला. हळूहळू, एकेक धागा.

"खरं हाय," तो म्हणाला. "उजवीच पडली. माझ्या हातानं लावल्याली." त्यानं आणखी एक धागा उपटला. "लोकांस्नी कळलं असतं तर देवाचं नाव गेलं असतं. माझं बी. म्हनून आयेला गप केलं. नंतर वाटलं, गिरजा तरी परत आली तर देवाचं तेवढं नाव ऱ्हाईल."

"तुझ्या देवानं न्हाई म्हटलं आनि पोर गेली," बायजा म्हणाली. "माझ्या देवानं व्हय म्हटलं आनि पोर गेली. मग तू त्याला सोडून ह्याच्याकडं कशाला येतीस? इथं काय जास्त मिळतंय? मी माझ्या देवाला सोडलं न्हाई बघ. पाकळी पडणं येगळं आनि देव येगळा, एवढं म्हातारपणी कळलं. पोर मेल्याच्या दुखात बाईनं घर बदलू नये. नवं घर बी तेवढंच रिकामं असतं."

"आत्ती, तुमी कुणाकडनं बोलतासा?" देवकीनं विचारलं.

"फुलाकडनं," बायजा म्हणाली.

---

आता आपण बोलायला हवं, हे गोपाळ मास्तरांना कळत होतं. त्यांच्याजवळ बोलण्यासारखं होतंही. बाप्तिस्म्यासाठी त्यांनी वाटेत चालता चालता एक उपदेश जुळवला होता, तीन मुद्द्यांचा. तो त्यांनी मनातल्या मनात बाजूला ठेवला.

"गिरजाबाई, आधी एक सांगतो. तुम्हाला विचारायची जी रीत येत होती तिनं तुम्ही विचारलंत. रीत चुकली म्हणून देव कुणाची पोरगी नेत नाही. मी कधी असं शिकवलं असेल तर चूक शिकवलं."

"तुमी शिकवलासा, मागितलं की त्यो देतो."

"हो. तेही शिकवलं." ते थांबले. "आणि एक शिकवलंच नाही. ते आज सांगायला हवं."

त्यांनी झोळीतून पवित्र शास्त्र, बायबल, काढलं. त्याच्या पुठ्ठ्याला कापडाचं ठिगळ होतं. पण ते उघडलं नाही.

"बेळगावात पलेग आला तेव्हा मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. माझी दोन मुलं नऊ दिवसांत गेली. एक आठ वर्षांचा, एक पाच. त्यानंतर सात महिने मी रोज सकाळी शाळेत प्रार्थना सांगत होतो आणि माझ्या मनात एक शब्द नव्हता. मुलं डोळे मिटायची तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचो. हे माझ्या बायकोशिवाय कुणाला माहीत नाही."

कृष्णा खाली बसला.

"पुढं हळूहळू शब्द आले. पण एक ओळ राहिली. येशूच्या मरणाच्या दिवशी, उत्तम शुक्रवारी, क्रुसाची हकिकत वाचतात, त्यातली. ती आली की मला रडू फुटतं. लोकांसमोर वाचणाऱ्यानं असं रडू नये म्हणून मी ती गाळतो. अठरा वर्षं गाळतोय, आधी शाळेत, आता इथं. इथं कुणाला वाचता येत नाही, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. कृष्णा, तुझ्यासुद्धा."

"कंची ओळ?" गिरजानं विचारलं.

मास्तरांनी पान काढलं. ते शोधावं लागलं नाही. त्यांनी वाचलं ते असं, की भर दुपारी सगळ्या देशावर अंधार पडला, तीन तास तो राहिला, आणि मग क्रुसावरचा येशू मोठ्यानं ओरडला आणि त्यानं आपल्या देवाला हाक मारून विचारलं, की तू मला का टाकलंस? त्यांचा आवाज मध्येच फुटला. त्यांनी ओळ पुरी केली आणि बोट त्याच जागी ठेवून बसले.

"परत वाचा," गिरजा म्हणाली.

त्यांनी परत वाचलं. या वेळी आवाज टिकला.

"हे बाजूच्या क्रुसावरच्या चोरानं न्हवं म्हटलं? येशूनंच?"

"येशूनंच."

"देवाच्या लेकानं."

"हो."

"आनि वरून काय आलं?"

"त्या दुपारी काही नाही आलं."

गिरजा विचार करत होती. मास्तरांना तिच्या कपाळावरची शीर दिसत होती. वर्गात कठीण गणित सोडवणाऱ्या मुलांच्या कपाळावर त्यांनी ती बघितली होती, आणि अशा वेळी मध्ये बोलायचं नसतं हे त्यांना माहीत होतं.

"मग त्याला खरंच टाकलं हुतं?"

"नाही. तिसऱ्या दिवशी देवानं त्याला मेलेल्यांतून उठवलं. टाकून दिलेल्याला उठवायला कुणी येतं का? पण क्रुसावरून त्या दुपारी ते दिसत नव्हतं. तिथून फक्त अंधार दिसत होता. त्यालासुद्धा."

"म्हंजी मला जसं वाटलं तसं त्याला वाटलेलं हाय."

"तसंच वाटलेलं आहे. आणि गिरजाबाई, तुम्ही त्या लाकडासमोर उभ्या राहिलात, तेव्हा देव तुमच्याकडं बघतोय असं धरलंत. तेवढं तुम्ही बरोबर धरलंत. पाकळीचं चुकलं."

पायरीवरून बायजा म्हणाली, "मास्तर, त्यो वरडला तवा काय म्हनून हाक मारली म्हनलासा?"

"माझ्या देवा, म्हणून."

"माझ्या." बायजानं गुडघ्यावर हात मारला. "बघ की. टाकलंस म्हनतोय, आनि माझा बी म्हनतोय. नवऱ्याशी भांडून म्हयनाभर न बोलणारी बाई बी परक्यापाशी आमच्या घरात असं, आमच्या घरात तसं, म्हनूनच बोलती. ते भांडण हाय. सोडचिठ्ठी न्हवं."

अठरा वर्षांत या ओळीवर मास्तरांनी जेवढं वाचलं होतं त्यात हे नव्हतं.

---

कडेवरचा हात बधिर झाला आहे हे गिरजाच्या लक्षात आलं. इतका वेळ ती उभीच होती. ती खाली बसली, अगदी बायजाच्या शेजारी, आणि कमलला मांडीवर घेतलं. हातात मुंग्या आल्या आणि हळूहळू रक्त परत फिरलं.

कुणी काही सोडवून दिलं नव्हतं. फुला घरामागच्या फणसाखाली होती आणि तिथंच राहणार होती. पण आपल्याला हाकललेलं नाही, हे तिला आता कळत होतं. भूक लागल्यावर कळतं तसं, कुणी पटवून न देता. नऊ आठवडे ती ज्याला दाराबाहेरची जागा समजत होती तिथं तिच्या आधी कुणीतरी उभं राहून गेलं होतं, आणि ते कुणी ऐरंगैरं नव्हतं.

"फुलाला मी एकलीच पाठवली असं वाटायचं," ती म्हणाली.

"एकली नाही गेली," मास्तर म्हणाले. "मी याचा पुरावा देऊ शकत नाही. पण माझी दोघंही त्याच्याजवळ आहेत हे धरून मी चालतो, आणि अठरा वर्षं चालतोय. लोंढ्यापासून इथवरसुद्धा तेच धरून आलो."

"घोडा न्हाई म्हनून काय झालं," देवकी पुटपुटली, आणि नाक पुसलं.

गिरजानं म्हादूकडं बघितलं. "भावजी, तुमी माझ्यापायी पाच घरं फिरलासा."

"फिरलो. त्याचं काय न्हाई." म्हादूनं नारळ खाली ठेवला. त्याची शेंडी पूर्ण निघाली होती. "पर मी गावाला काय सांगू आता?"

"सांगा, घरात भांडण हुतं. मिटलं."

म्हादूनं ते शब्द मनात एकदा म्हणून बघितले. ते खोटे नव्हते आणि त्यात कुणाच्या देवाचं नाव येत नव्हतं. पाचही घरांत ते चालले असते. दोन महिने ज्याचं ओझं त्यानं मनात वागवलं होतं ते आता सहा जणांना माहीत होतं, कमल धरली तर सात, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. तो म्हणाला, "आनि उजव्या कौलाचं?"

"ते आमच्या घरात ऱ्हाईल," कृष्णा म्हणाला. 'आमच्या' म्हणताना त्यानं हात केला तो साकवाच्या दोन्ही काठांवरून फिरवून.

"मग ह्या लुगड्याचं काय करू?" देवकीनं विचारलं. "परत दुकानात नेलं तर हसंल त्यो."

"नेस गिरजे," बायजा म्हणाली. "लेकीच्या बारशाला नवं लुगडं नेसलं तर कुठला देव रागावतोय? असला तर मास्तरांनी सांगावं."

"नाही रागावत," मास्तर म्हणाले.

गिरजा लुगडं नेसून आली तेव्हा घंगाळातल्या पाण्यावर भाताचं कुसळ पडलं होतं. कृष्णानं ते बोटानं काढलं. तिनं कमलला स्वतः मास्तरांच्या हातात दिलं. पाणी डोक्यावर पडलं तशी कमलनं तोंड वाकडं केलं, पण रडली नाही. मास्तरांच्या दाढीत बोटं खुपसून बसली. म्हादू पडवीच्या कडेलाच बसून होता. त्यानं डोळे मिटले नाहीत, आणि तो उठूनही गेला नाही.

मास्तर म्हणाले, "आता कुणी प्रार्थना करावी."

कृष्णानं सवयीनं घसा साफ केला. पण गिरजा आधी बोलायला लागली. तिनं हात जोडले नव्हते, ती डोळे उघडे ठेवून खळ्यातल्या उन्हाकडं बघत होती, आणि देवकीला आधी वाटलं ती आपल्यापैकीच कुणाशी तरी बोलतेय.

"माझ्या देवा, मी तुझ्यावर लई रागावले हुते. अजून बी हाय थोडी. तू गेला न्हाईस ते बरं झालं. हिचं नाव कमल, हिला आमच्याकडं ऱ्हाऊ दे. फुला तुझ्याकडं हाय. तिला झोपेत पांघरूण लाथाडायची सवय हाय, तेवढं बघत जा. भात गार करून दे, ऊन खात न्हाई ती."

ती थांबली. प्रार्थना संपली की नाही हे कुणाला कळेना, म्हणून आमेन कुणीच म्हणालं नाही.

"आनि कोंबड्याला भिते म्हनून सांग," बायजा हळूच म्हणाली.

गिरजानं तेही सांगितलं.